विश पडते तेव्हा जागेवर कोण असतं

पोकेमॉनच्या लढाईतली हाणामारी कुणालाही कळते. वीज पडते, आग येते, समोरच्याची हिरवी पट्टी झर्रकन खाली येते. जखमी गड्याला पुन्हा उभं करण्याची मूव्ह मात्र चटकन डोळ्यांत भरत नाही. ती कधी खेळायची, त्या वेळात समोरचा काय करून जाईल आणि बरं झालेल्याला पुढे करायला काय आहे, एवढं सगळं ज्याच्या डोक्यात एकदम येतं तोच शेवटपर्यंत टिकतो. हे मी शिकले ते पेणकरपाड्यात, भाच्याच्या खांद्यावरून मोबाईलच्या स्क्रीनकडे बघत.

मुंबईची हद्द दहिसर चेकनाक्याला संपते. तिथून पुढे, हायवेपासून आत मीरा रोड पूर्वेला पेणकरपाडा आहे. नावात पाडा उरलाय, पण आता दाट वस्ती आहे आणि गल्ल्या अरुंद आहेत. भावाच्या चाळीच्या ओट्यावर संध्याकाळी क्लास सुटल्यावर मुलं जमतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी, कुणाच्या गुजराती. ओट्यावर सगळ्यांची भाषा एकच होते. ‘अभी मत मार, हील कर’, ‘अरे स्विच कर ना’, ‘विश डाल, विश’. माझा भाचा वळून मला मराठीत समजावतो आणि पुन्हा त्यांच्यात मिसळतो.

जपानमध्ये गेमबॉयवर हा खेळ आला २७ फेब्रुवारी १९९६ रोजी, रेड आणि ग्रीन अशा दोन रूपांत. आपल्याकडच्या बहुतेक घरांत गेमबॉय पोचलाच नाही. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत ॲश आणि पिकाचू दिसायला लागले आणि आपल्या मुलांना पोकेमॉन आधी ठाऊक झाले ते टीव्हीमुळे. ओट्यावरची मुलं आज खेळतात ते पोकेमॉन शोडाउन. २०११ पासून चालत आलेलं, ब्राउझरमध्ये उघडणारं, फुकट. त्यात रानात फिरून पोकेमॉन पकडणं नाही, त्यांना वाढवणं नाही. सहा जणांची टीम बांधायची आणि जगात कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाशी थेट भिडायचं. साधा मोबाईल आणि थोडा डेटा असला की भागतं.

नियम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मैदानात दोन्ही बाजूंचा एकेक पोकेमॉन. प्रत्येकाकडे चार मूव्ह. दोघंही आपापली निवड गुपचूप करतात, मग दोन्ही उघडतात आणि साधारणपणे ज्याचा वेग जास्त त्याची मूव्ह आधी होते. हा झाला एक टर्न. मैदानातला गडी बदलायचा असला तरी तो टर्न त्यातच जातो. म्हणजे बरं होण्यात घालवलेल्या टर्नला तुमच्याकडून मार बसत नाही आणि समोरच्याला मोकळा हात मिळतो.

सर्वांत सरळ मूव्ह म्हणजे रिकव्हर. तिने स्वतःच्या पूर्ण एचपीच्या, म्हणजे त्या हिरव्या पट्टीतल्या जिवाच्या, निम्मं परत मिळतं. समोरचा एका फटक्यात तृतीयांश घेत असेल तर निम्मं मिळवून तुम्ही पुढे राहता. तो निम्म्याहून जास्त घेत असेल तर कितीही वेळा रिकव्हर करा, दर टर्नला थोडे थोडे खालीच जाल. भाच्याचा मित्र याला ‘घाटे का सौदा’ म्हणतो आणि ते अगदी खरं आहे. त्यामुळेच ही मूव्ह शोभते ती जाड कातडीच्या, मार खाऊन न हलणाऱ्या पोकेमॉनला. नाजूक आणि चपळ पोकेमॉनला ती देणं म्हणजे मूव्हची एक जागा फुकट घालवणं.

पहिल्या गेममध्ये या मूव्हला एक विचित्र खोड होती. गमावलेले एचपी नेमके २५५ किंवा ५११ असले की रिकव्हर चालतच नसे, कारण दोन आकड्यांची तुलना प्रोग्राममध्ये चुकीची लिहिली गेली होती. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. त्याच दुसऱ्या पिढीतल्या, १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये, गोल्डनरॉड शहराच्या जिममधल्या व्हिटनीची मिल्टँक ही गाय मिल्क ड्रिंक पिऊन पुन्हा उभी राहायची. तिने जगभरातल्या मुलांना रडवलं. आपण मारून मारून अर्ध्यावर आणायचं आणि तिने दूध पिऊन सगळं पुसून टाकायचं. हील करणारी मूव्ह किती छळू शकते, याचा पहिला धडा अनेकांना त्या गायीने दिला.

बाकीचे प्रकारही आहेत. रेस्टने सगळं भरतं, पण दोन टर्न झोपून काढावे लागतात. सिंथेसिसने एरवी निम्मं मिळतं, कडक ऊन असेल तर दोन तृतीयांश आणि पावसात फक्त पाव. रूस्ट मला फार आवडते. उडणारा पोकेमॉन खाली बसून निम्मं भरून घेतो, पण तो टर्न संपेपर्यंत त्याचं उडणारेपण जातं. ड्रॅगनाइटने रूस्ट केलं आणि त्याच टर्नला नंतर समोरून अर्थक्वेक आला, तर एरवी ज्याचा त्याला स्पर्शही झाला नसता तो भूकंप त्याला लागतो. याउलट बर्फाचा मार त्याला एरवी चौपट बसतो, तो त्या टर्नपुरता दुप्पटच बसतो. जमिनीवर बसायचं तर जमिनीचे फायदे-तोटे दोन्ही घ्यायचे. नियम लिहिणाऱ्याने इथे मनापासून विचार केलेला दिसतो.

विश मात्र या सगळ्यांहून वेगळी. माझ्या मते संपूर्ण मालिकेत इतकी विचारपूर्वक घडवलेली मूव्ह दुसरी नाही. ती २००२ च्या रूबी आणि सफायरमध्ये आली. आज विश केली तर आज काहीच मिळत नाही. पुढचा टर्न संपताना एचपी भरतात, आणि ज्याने विश केली त्याचेच भरतील असंही नाही. त्या क्षणी त्या जागेवर जो कोणी असेल त्याला ते मिळतात. टर्न एकाने खर्चायचा, फळ दुसऱ्याने घ्यायचं, आणि मध्ये एक पूर्ण टर्न समोरच्याच्या हातात.

सुरुवातीला विशमधून घेणाऱ्याच्या एचपीच्या निम्मं मिळायचं. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून विश करणाऱ्याच्या एचपीच्या निम्मं मिळतं. वरवर हा बारीक बदल आहे, पण त्याने विशचं सगळं रूप पालटलं. याच आवृत्तीत आलेला आलोमोमोला घ्या. हा गुलाबी, चपटा मासा आहे. जखमी पोकेमॉनला परांमध्ये धरून तो किनाऱ्यावर नेतो, त्याच्या अंगावरच्या चिकट थराने जखमा भरतात, असं पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्याच माहितीकोशात, त्याचं वर्णन आहे. शंभराव्या लेव्हलला, एचपीवर पूर्ण भर दिला, तर त्याचे एचपी ५३४ होतात. त्याची विश म्हणजे २६७. आता गेंगार बघा. जांभळा, दात विचकणारा, चपळ आणि जबर मारणारा, पण अंगात जीव कमी. त्याचे पूर्ण एचपी २६१. आलोमोमोलाच्या एका विशने गेंगार मरणाच्या दारातून पूर्ण भरतो आणि वर सहा उरतात. जुन्या नियमात त्याला १३० मिळाले असते.

भाच्याच्या टीममध्ये हे दोघं होते. त्या संध्याकाळी त्याचा गेंगार लढाईच्या सुरुवातीलाच मार खाऊन परत आला होता, एचपी फक्त ४०. समोर ग्रेट टस्क, प्रचंड सुळ्यांचा, भूकंप करणारा. त्याने येताच भाच्याच्या बाजूला टोकदार दगड पसरून ठेवले होते. या दगडांमुळे मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला येतानाच इजा होते. गेंगारचा आठवा भाग म्हणजे ३२. आला तर ८ उरणार.

‘आत्या, आता बघ,’ भाचा म्हणाला आणि आलोमोमोलाची विश दाबली.

ग्रेट टस्क वेगवान, त्याचा अर्थक्वेक आधी लागला. मासा ५३४ वरून चारशेच्याही खाली आला. मग विश झाली आणि स्क्रीनवर काहीच हललं नाही. मुलं गप्प. आता तो एक टर्न सुरू झाला, ज्यात दोन्ही खेळाडूंना ठाऊक असतं की २६७ एचपी हवेत लटकलेले आहेत. भाच्यापुढे तीन वाटा होत्या. प्रोटेक्ट करायचं, म्हणजे मार टळतो आणि विश माशालाच मिळते. ही सुरक्षित वाट आहे आणि बहुतेक जण तीच धरतात. किंवा मासा काढून थेट गेंगारला आणायचं, पण मग अर्थक्वेक ८ एचपीच्या गेंगारवर पडेल आणि विश पोचेपर्यंत तो उरणार नाही. तिसरी वाट फ्लिप टर्न. या मूव्हमध्ये पोकेमॉन समोरच्याला धडकतो आणि लगेच मागे येऊन दुसऱ्याला पुढे करतो.

त्याने फ्लिप टर्न दाबलं. इथे माशाचा संथपणा कामी आला, आणि हे जवळून बघितल्याशिवाय उमगत नाही. ग्रेट टस्क वेगवान असल्यामुळे त्याचा अर्थक्वेक आधी आला आणि तो माशाने अंगावर घेतला. सव्वादोनशेच्या आसपास एचपी उरले. त्यानंतर मासा धडकला आणि मागे फिरला. त्या टर्नमधला समोरच्याचा मार खर्ची पडलेला होता. गेंगार आला, दगड टोचले, ४० चे ८ झाले, आणि टर्न संपताना आलोमोमोलाची विश खरी झाल्याची ओळ उमटली. पट्टी एका दमात हिरवी. शिवाय आलोमोमोलाकडे रिजनरेटर ही क्षमता आहे. मैदान सोडताना त्याला आपोआप तृतीयांश मिळतं, म्हणजे १७८. दोघांना मिळून जे मिळालं त्याची किंमत एका टर्नची विश आणि माशाने झेललेला मार. पुढच्या टर्नला गेंगार ग्रेट टस्कच्या आधी हलला, एनर्जी बॉल टाकला आणि आधीच घायाळ झालेला ग्रेट टस्क कोसळला. ओट्यावर जो आरडाओरडा झाला त्याने वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीत आल्या.

वेगवान मासा असता तर हे जमलंच नसतं. तो आधी मागे फिरला असता आणि अर्थक्वेक नव्याने आलेल्या गेंगारने खाल्ला असता. म्हणून टीम बांधताना भाचा आलोमोमोलाला वेगाचा एक गुणही देत नाही.

पण समोर बसलेल्यालाही हे सगळं ठाऊक असतं, आणि त्याच्याकडे उपाय आहेत. पुढच्याच लढाईत भाच्याने नेमका हाच डाव मांडला. विश झाली, फ्लिप टर्न दाबलं, आणि त्याच टर्नला समोरच्याने गडी बदलून क्लॉडसायर आणला. त्याच्याकडे वॉटर ॲब्झॉर्ब होतं. पाण्याची मूव्ह त्याला लागत नाही, उलट त्याचे एचपी पावभर वाढतात. फ्लिप टर्न पाण्याची मूव्ह. ती लागली नाही म्हणून मासा मागे फिरलाच नाही, आणि गेंगारसाठी ठेवलेली विश माशावरच पडली, ज्याला तिची तेवढी गरज नव्हती. ‘पढ लिया उसने,’ मित्र म्हणाला. विशच्या खेळात याहून मोठं कौतुक नाही.

टॉन्ट या मूव्हचाही धोका असतो. टॉन्ट बसला की तीन टर्न विश, प्रोटेक्ट, रिकव्हर, यातलं काही दाबता येत नाही. पण टॉन्टच्या आधी केलेली विश रद्द होत नाही, ती वेळेवर पडतेच. विश करणारा त्याच टर्नला गतप्राण झाला तरी त्याच्या जागी येणाऱ्याला पुढच्या टर्नच्या शेवटी ती मिळते. मात्र ज्या टर्नला विश पडायची आहे त्याच टर्नला जागेवरचा कोसळला, तर जागा रिकामी आणि विश वाया. नवा गडी येतो तो त्यानंतर. हा फरक मुलांना तोंडपाठ आहे. वयाने सर्वांत लहान मुलगा, जो अजून स्वतः खेळत नाही, त्यानेच मला तो दोनदा समजावून सांगितला.

आणखी एक मर्यादा मोजावी लागते. प्रत्येक मूव्ह ठरावीक वेळाच वापरता येते. रिकव्हरची मूळ मोजणी पूर्वी १० होती. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये ती ५ केली, वाढवून ८ पर्यंत नेता येते. रूस्ट आणि रेस्टचंही तेच केलं. मला हा निर्णय पटतो. दोन जाडजूड पोकेमॉन समोरासमोर बसून शंभर टर्न एकमेकांना कंटाळवायचे, ते कमी झालं. विशची मोजणी मात्र १० च ठेवली, वाढवून १६. म्हणजे लांबलेल्या लढाईत रिकव्हरवाले आधी आटतात आणि विशवाला उरतो.

क्लॉडसायरच्या लढाईनंतर भाच्याने टीम पुन्हा उघडली. आलोमोमोलाच्या चार जागांपैकी विश, प्रोटेक्ट आणि फ्लिप टर्न ठरलेले. चौथ्या जागेवर स्काल्ड होतं, गरम पाण्याचा मार. तेही पाण्याचंच, तेही क्लॉडसायर पिऊन टाकणार. मित्राचं म्हणणं, तिथे टॉक्सिक दे. भाच्याने क्लॉडसायरचं पान उघडून दाखवलं, त्याच्यात विषाचा प्रकार आहे, त्याला विष चढत नाही. मग आइस बीमवर चर्चा गेली, कारण क्लॉडसायर जमिनीचाही आहे आणि जमिनीवाल्यांना बर्फाचा मार जास्त बसतो. माशाच्या हाताने मारलेल्या आइस बीमने किती जाईल, हे बघायला त्यांनी कॅल्क्युलेटर उघडला आणि आकडे भरायला लागले.