घरची कॉफी : शास्त्र की हातगुण?

कॉफीची पूड विकणाऱ्या दुकानदाराला एक तक्रार हमखास ऐकावी लागते. 'हॉटेलातली कॉफी फक्कड लागते, घरी केली की एकतर कडू होते नाहीतर पाणचट.' गिऱ्हाईक दोष देते पुडीला आणि पुढच्या महिन्यात दुकान बदलते. म्हणून कॉफी बनवण्यामागे शास्त्र किती आणि हातगुण किती, हे विकणाऱ्यानेही समजून घ्यायला हवे.

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 30 टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा उतरवायचा नसतो. 1950 च्या दशकात अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी मोजमाप करून दाखवले, की 18 ते 22 टक्के भाग उतरला तर चव समतोल राहते. कमी उतरला तर कॉफी आंबट व फिकी लागते, जास्त उतरला तर कडू व तुरट.

हे साधण्यासाठी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, दळण. पूड बारीक असेल तर अर्क लवकर उतरतो, जाडसर असेल तर उशिरा. दुसरी, प्रमाण. बिनदुधाच्या कॉफीला एक लिटर पाण्यास 55 ते 60 ग्रॅम, म्हणजे 150 मिलिलिटरच्या कपाला 8 ते 9 ग्रॅम पूड लागते. तिसरी, पाणी. उकळी आल्यावर थोडे थांबून ओतावे. 90 ते 96 अंश तापमान योग्य मानतात. चौथी, वेळ. दक्षिणी फिल्टरमधून अर्क सावकाश थेंबाथेंबाने उतरतो, तेथे घाई चालत नाही. त्यात दूध घालायचे असल्याने पूड जास्त व पाणी कमी घ्यावे. आपल्याकडे अनेक घरांत पूड चहासारखी खळखळा उकळतात. त्यात कडूपणा उतरतो आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

मग हे निव्वळ शास्त्रच म्हणायचे का? तसे नाही. तराजू दाटपणा सांगेल, आवड सांगणार नाही. अरबस्तानात हलकी भाजलेली कॉफी वेलची घालून उकळतात आणि तोच कहवा पाहुण्याला मानाने देतात. कर्नाटक-तामिळनाडूत दाट अर्क व गरम दूध हवे असते. शास्त्राचे नियमही बदलतात. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले, की दाटपणा आणि उतरलेल्या अर्काचे प्रमाण सारखे ठेवले, तर 87 आणि 93 अंशांच्या कॉफीच्या चवीत फारसा फरक राहत नाही. रंगारी असो वा हलवाई, प्रत्येक कारागिराला हे ठाऊक आहे : आधी माप, मग हात बसतो.

या व्यवसायाशी आपले नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी कॉफी पीत. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी तेथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. आज देशातील बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते.

आता व्यापाऱ्यांसाठी. दळलेली कॉफी सुगंध झपाट्याने गमावते. म्हणून बिया ठेवून मागणीप्रमाणे दळून द्याव्यात. पुड्या लहान व घट्ट बंद असाव्यात आणि त्यांवर भाजल्याची तारीख लिहावी. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळे. ती रंग व दाटपणा देते, पण तिच्यात कॅफिन नसते. मिश्रण विकताना चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात कॉफी निम्म्याहून अधिक असावी लागते. हे प्रमाण गिऱ्हाइकाला तोंडीही सांगावे. शिवाय पुडीबरोबर एक मापाचा चमचा आणि कृतीची चार ओळींची चिठ्ठी द्यावी. खर्च थोडा येईल, पण घरी कॉफी जमली तर गिऱ्हाईक त्याच दुकानात परत येईल.