विचारपूस : ख्रिस्ती मंडळीची आणि आमची

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ग्रॅच्युइटी, बोनस किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखादा सांगेन अशी त्यांची समजूत होती. ‘ख्रिस्ती मंडळीतील पाळकीय सेवा’ असे मी म्हणताच त्यांच्यापैकी एकाने विचारले, “तुम्ही चर्चला कधीपासून जायला लागलात?” मी जात नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु माणसे एकत्र बांधून ठेवण्याचे काम मी अठ्ठावीस वर्षे करीत आलो आहे. तेच काम आमच्या पुष्कळ आधीपासून करणाऱ्या एका संस्थेची हत्यारे कशी आहेत, एवढेच मी सांगणार आहे. सुताराने लोहाराच्या हातोड्याविषयी बोलावे, तसे हे बोलणे आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका प्रसंगामुळे. आमच्या युनियनचा एक मोल्डर होता. फौंड्रीत साचे करण्याचे काम करी. कारखान्याचे नाव सांगत नाही. मालकाने ले-ऑफ दिला, मग कमी केले, आम्ही कामगार न्यायालयात गेलो. दावा अडीच वर्षे चालला. एके दिवशी कागदावर सही हवी म्हणून मी त्याच्या घरी गेलो, तर तेथे सत्तरीचे एक गृहस्थ चहा घेत बसले होते. निवृत्त कारकून; त्यांच्या मंडळीतील ‘वडील’. मोल्डर घरी नव्हता. त्याच्या बायकोने सांगितले ते ऐकून मी जागच्या जागी बसलो. नवरा आठ महिने पीत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याने शेतात फवारायचे औषध आणून माळ्यावर ठेवले होते. या घराला शेत नाही. दर गुरुवारी येणाऱ्या या वडिलांनी त्याच्या बोलण्यावरून काहीतरी ओळखले, सरळ विचारले, आणि बाटली पिशवीत घालून घेऊन गेले. त्यानंतर ते रोज येत होते.

मला त्याचा तिकीट नंबर पाठ होता. त्याची नोकरी किती वर्षे किती दिवस झाली हे मी झोपेतही सांगितले असते. माळ्यावरची बाटली मात्र मला ठाऊक नव्हती.

मी वडिलांना विचारले, “तुम्हांला कसे कळले?” ते म्हणाले, “अहो, कळण्यासारखे काय त्यात? माझ्याकडे चौदाच घरे आहेत.” खिशातून त्यांनी एक लहान वही काढली. चौदा नावे, आणि प्रत्येकापुढे भेटीच्या तारखा. दुसरे काही लिहिलेले नव्हते. “बाकीचे लिहायचे नसते,” एवढेच ते बोलले.

आता शब्दांचा थोडा उलगडा करू. मराठी ख्रिस्ती माणूस ‘चर्च’ हा शब्द बहुधा इमारतीसाठी वापरतो. माणसांना तो ‘मंडळी’ म्हणतो. मंडळीचा धर्मगुरू तो ‘पाळक’. हा शब्द मेंढपाळावरून आला. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगर रानात मेंढरे बसवतात, त्यांना विचारून पाहा. शेजारचा धनगर आकडा मोजत बसत नाही. कोणते मेंढरू दिसत नाही हे त्याला आधी कळते, आकडा नंतर. ख्रिस्ताने नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली, ती अशा श्रोत्यांना.

‘वडील’ म्हणजे बाप नव्हे. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयाने किंवा मानाने ज्येष्ठ. त्याचे हे मराठी. ज्या पंथात मंडळीचा कारभार एकट्या पाळकाकडे नसून निवडलेल्या वडिलांकडे असतो, तो प्रेस्बिटेरियन. कोल्हापूरला हाच पंथ आला. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येथे येऊन राहिले, आणि १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळाने आपल्याकडे घेतले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. १९७० मध्ये नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्याला बिशप आहेत, पण वडिलांची जुनी वहिवाट येथे मुरलेली होती.

ती मुरली यालाही कारण होते. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात बाप्तिस्मा घेणारा माणूस एका दिवसात जात, भाऊबंद आणि पाणवठा गमावून बसे. आजारपणात उशाशी कोणी बसायचे? मयताला खांदा कोणी द्यायचा? मंडळीने भावकीची जागा घेतली नसती, तर हा समाज टिकलाच नसता. घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया धर्मोपदेशासाठी जात हे खरे, परंतु माजघरातील दुःख त्यांच्याच कानावर पडे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. पुढे वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले. क्षयावर औषध नव्हते त्या दिवसांत रोगी महिनोन्‌महिने खाटेवर पडून असे. त्याच्याजवळ येऊन बसणारा माणूस हाही तेव्हा उपचाराचाच भाग होता.

या रचनेचे मूळ शोधण्यासाठी मी बायबल वाचले. संघटकाने वाचावीत अशी दोन ठिकाणे मला त्यात सापडली. पहिले निर्गम या पुस्तकात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांच्या तक्रारी ऐकत बसतो. त्याचा सासरा इथ्रो भेटीला येतो, हे पाहतो आणि म्हणतो, अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. दहांवर! आमच्या किती सरचिटणीसांना असा सासरा भेटला असता तर बरे झाले असते. दुसरे ठिकाण प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते अशी कुरकुर निघाली. प्रेषितांनी कुरकुर दाबली नाही. सात माणसे निवडायला लावून ते काम त्यांच्याकडे सोपवले. सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातलीच माणसे नेमली असावीत. पाळकीय सेवेची पहिली समिती अशी तक्रारीतून जन्माला आली.

परंतु माझ्या धंद्याला सर्वांत जवळची गोष्ट इंग्लंडातली आहे. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट अनुयायांवर ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज झाले होते. १७४२ च्या फेब्रुवारीत ते फेडण्याचा विचार चालू असता प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. कोणी म्हणाले, पुष्कळांना तेवढीही परवडत नाही. तेव्हा फॉय नावाचा एक कप्तान उठला. अकरा सर्वांत गरीब माणसे माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याच्याजवळ नसेल त्याची पेनी मी घालीन, असे त्याने सांगितले. असे बाराबारांचे वर्ग पडले. थोड्याच दिवसांत वर्गणी गोळा करणारे परत येऊन सांगू लागले, अमुक घरी भांडण चालू होते, तमुक माणूस दारूत सापडला. वेस्लींच्या ध्यानात आले की आपण कर्ज फेडायला निघालो आणि हाती दुसरेच लागले.

पुढे घरोघर जाण्याऐवजी बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. त्याची वेस्लींनी दिलेली कारणे वाचताना मला हसू आले, इतकी ती ओळखीची आहेत. फिरण्यात वेळ फार जाई. काही जण मालकाच्या घरी राहत, आणि मालक भेटू देत नसे. भेटू दिले तरी एकट्याने बोलता येत नसे. दोघांत गैरसमज असला तर दोघे समोरासमोर असल्याशिवाय मिटत नसे. आज ज्याला ‘आधारगट’ म्हणतात, तो असा व्यवहाराच्या अडचणींतून झाला. याच मेथडिस्टांच्या बैठकांत साधी माणसे उठून बोलायला शिकली. १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतली म्हणून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले, त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. आम्ही कामगार चळवळीचे लोक त्यांचे नाव घेतो, पण ते सभा चालवायला कोठे शिकले हे सांगत नाही.

या गटांना पुढे चर्चच्या बाहेरही फाटे फुटले. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघाले. त्यांची पद्धत ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती गटातून आली होती. १९५७ पासून ही सभा भारतात भरते. तिच्यात पाळक नाही, पट्टी नाही, पूर्ण नाव सांगायचे नाही. पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ हा गट आहे, तोही याच जातीचा. १९५३ मध्ये लंडनचे धर्मगुरू चॅड व्हॅरा यांनी जीव देऊ पाहणाऱ्यांसाठी चर्चमध्ये टेलिफोन ठेवला. त्यांना आढळले की सल्ला देणाऱ्याची वाट पाहताना ज्या साध्या माणसांनी चहा देऊन ऐकून घेतले, त्यांच्याशीच बोलून पुष्कळ जण मोकळे होऊन परत जातात. आपल्याकडे २०२२ पासून सरकारचा टेलिमानस १४४१६ हा क्रमांक आहे. तो फाटकावरच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

आता दुसरी बाजू. मंडळीची विचारपूस सोन्याची आहे असे मी म्हणत नाही. मिशनच्या काळात उपदेशक, शिक्षक, परिचारिका यांचा पगार मिशनकडून येई. ज्याच्या हाती पगार, तोच दुःख ऐकायला आला तर माणूस खरे किती बोलेल? नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागे हीच टोचणी होती असे मला वाटते. शिवाय भेटीला आलेला माणूस हजेरी घ्यायला आला आहे की काय, ही शंका घरच्यांना येतेच. प्रार्थनासभेत सांगितलेले गुपित दुसऱ्या दिवशी नळावर पोहोचल्याचीही तक्रार मी ऐकली आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, देव पाहतो आहे’ असे सांगणे ही कोणत्याच धर्माची सेवा नव्हे. तिला डॉक्टर, वकील आणि निवारा हवा. आणि मोल्डरचे कमी केलेले काम वडिलांच्या चौदा घरांच्या वहीने परत मिळाले नसते. त्यासाठी आमचे न्यायालय, आमचा मोर्चा हवाच होता. दोन्ही हवे होते. आमच्याकडे एकच होते.

आणि ते एकच का उरले, याचा मी पुष्कळ विचार केला. मी कामाला लागलो तेव्हा आम्ही पगाराच्या दिवशी वर्गणी हाताने गोळा करीत असू. ज्याने दिली नाही त्याच्या घरी जात असू. तेथे कळे की पोरगी आजारी आहे, किंवा सावकार बसला आहे. पुढे मालकाशी करार करून वर्गणी पगारातूनच कापून घेण्याची सोय केली. ती सोय मागणाऱ्यांत मी पुढे होतो. वर्गणी चोख येऊ लागली, आणि आमचे घरोघर जाणे संपले. फॉयच्या अगदी उलट आम्ही केले. पेनी ठेवली, फेरी सोडली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जणांनी प्रत्येकी बारा घरे वाटून घेतली. वडिलांना बोलावून त्यांच्याकडून रीत समजून घेतली. त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या : वार ठरलेला असावा, चहाला नाही म्हणू नये, आणि मार्ग सांगण्याची घाई करू नये. नऊंपैकी पाच जणांनी सहा महिन्यांत सोडले. एकाला सभेत बोलणे जमते, पण ऐकणे जमत नाही. त्याला दोष देत नाही, मलाही ते जड जाते. चौघे टिकलो आहोत. मोल्डरच्या दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पैसे हप्त्यांनी मिळाले. तो आता एका वर्कशॉपमध्ये आहे. उरलेल्या चौघांपैकी एक तोच. त्याच्या वहीत बारा नावे आहेत, त्यांत सात मुसलमान, चार हिंदू आणि एक लिंगायत. शुक्रवारी सुट्टी झाली की तो सायकल काढतो.