धावण्याचे बूट बदलण्याची वेळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण लांब अंतराच्या धावण्याला आहेत, पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यात भरतीची तयारी करणाऱ्या उमेदवारांसाठी बूट नेमके केव्हा बदलावेत हा प्रश्न खिशाशी आणि पायांशी सारखाच निगडित आहे.

तळ गुळगुळीत होईपर्यंत बूट चालतो, हा यातील सर्वांत चिवट गैरसमज होय. जमिनीला टेकणारे रबर पकड देते, परंतु धक्का शोषण्याचे काम मुख्यतः त्यावरील फोमचा थर, म्हणजे मिडसोल, करतो आणि त्यातील हवेचे सूक्ष्म कप्पे वारंवारच्या दाबाने चेपत जातात. डांबर रबराला खरवडते, मऊ मातीत मात्र ते बराच काळ शाबूत राहते. म्हणून मातीच्या मैदानावर धावणाऱ्याची नजर अधिक फसते.

500 ते 800 किलोमीटरनंतर बूट निकामी होतो, ही समजूतही अर्धवटच खरी आहे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात यंत्राने तपासलेल्या बुटांची धक्का शोषण्याची क्षमता सुमारे 80 किलोमीटरनंतरच मूळच्या 75 टक्क्यांवर आली होती आणि 400 ते 800 किलोमीटरच्या टप्प्यात ती 60 टक्क्यांच्या खाली गेली होती. म्हणजे घसरण सुरुवातीलाच वेगवान असते आणि पुढे मंदावते. आठवड्यातून सहा दिवस रोज 5 किलोमीटर धावणारा उमेदवार सुमारे 17 आठवड्यांत 500 किलोमीटर गाठतो, पण तो आकडा तपासणीची वेळ सांगतो, बूट टाकून देण्याची नव्हे.

तपासणीत मिडसोलच्या कडेला कायमच्या सुरकुत्या पडल्या आहेत का आणि सपाट फरशीवर ठेवलेला बूट एका बाजूला कलतो का, हे पाहावे. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणे हा दोष नव्हे, कारण अनेकांची टाच त्याच कडेने टेकते. नडगी वा गुडघा नव्याने दुखू लागल्यास बुटाचा संशय घेता येतो. मात्र अंतर एकाएकी वाढवल्यानेही तसे होते, आणि तेव्हा नव्या बुटांवरील खर्च व्यर्थ जातो.

दुरुस्ती करणारा कारागीर नवा रबरी तळ चिकटवून देतो तेव्हा पकड परत येते, पण चेपलेला फोम पूर्ववत होत नाही. असे बूट चालण्यासाठी खुशाल वापरावेत.