अस्थिस्नायू पुनर्वसन

अस्थिस्नायू पुनर्वसन म्हणजे हाडे, सांधे, स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांच्या दुखापतीनंतर, आजारानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर व्यक्तीची हालचाल आणि दैनंदिन कार्यक्षमता शक्य तितकी परत मिळवून देणारी उपचारप्रक्रिया होय. भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी हा तिचा मुख्य भाग आहे. कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्यांची झीज, आखडलेला खांदा, घोटा मुरगळणे, अस्थिभंग, सांधेरोपण आणि खेळातील दुखापती यांमध्ये या उपचारांची गरज भासते. पक्षाघातासारख्या चेतासंस्थेच्या आजारांनंतरही याच तत्त्वांचा उपयोग केला जातो. शस्त्रक्रियेत रुग्णावर उपचार केले जातात, तर पुनर्वसनात उपचाराचा मोठा भाग रुग्णाला स्वतः करावा लागतो. त्यामुळे सल्ला वेळेवर मिळणे, तो तपासणीवर आधारलेला असणे आणि घरी नियमितपणे पाळला जाणे या तीन गोष्टींवर त्याचे यश अवलंबून असते.

मूळ तत्त्व

स्नायू, हाडे आणि कंडरा या सजीव ऊती असून त्यांच्यावर पडणाऱ्या भारानुसार त्या बदलतात. भार क्रमाक्रमाने वाढवल्यास त्या बळकट होतात. भार पूर्णपणे काढून घेतल्यास कमकुवत होतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात राहण्यास सांगितले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलोग्रॅम स्नायुयुक्त ऊतक घटल्याचे आढळले. प्लास्टरमध्ये ठेवलेला अवयव बारीक दिसू लागतो आणि सांधा आखडतो, त्यामागे हेच कारण असते. दुसरीकडे, बरी होत असलेल्या ऊतीवर अकाली मोठा भार पडल्यास दुखापत पुन्हा होते. या दोन टोकांमधील योग्य मात्रा ठरवणे हे पुनर्वसन सल्ल्याचे मुख्य काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विकाराचा विचार तीन पातळ्यांवर केला आहे: शरीराची रचना व कार्य, व्यक्तीला करता येणाऱ्या क्रिया आणि सामाजिक जीवनातील सहभाग. दोन व्यक्तींच्या गुडघ्यांची क्ष-किरण प्रतिमा सारखी असली, तरी खुर्चीवर बसून काम करणाऱ्या कारकुनाची आणि चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या शेतकरी स्त्रीची गरज वेगळी असते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, जिना चढणे किंवा पाण्याची कळशी उचलणे यांपैकी रुग्णाला काय करता येणे आवश्यक आहे, त्यावरून उपचारांचे उद्दिष्ट ठरते.

इतिहास

व्यायाम व मर्दन यांचा उपचार म्हणून वापर अनेक प्राचीन वैद्यकपरंपरांत आढळतो. आधुनिक काळात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या व्यायामसंस्थेत उपचारात्मक व्यायामाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संघटना स्थापन केली. तिचेच पुढे भौतिकोपचारतज्ज्ञांच्या व्यावसायिक संस्थेत रूपांतर झाले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या व्यवसायाचा विस्तार झाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओच्या साथींमुळे उपचारांची दिशा बदलली. पोलिओग्रस्त अवयव दीर्घकाळ पट्ट्यांनी जखडून ठेवण्याची पद्धत त्या काळी प्रचलित होती. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी तिच्याऐवजी ओला शेक व स्नायूंच्या हालचालींचे पुनःशिक्षण यांचा आग्रह धरला. आजाराच्या कारणाविषयीची त्यांची काही मते वैद्यकशास्त्राने मान्य केली नाहीत. मात्र हालचालीला दिलेले महत्त्व टिकून राहिले. भौतिकोपचाराची जागतिक संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. दरवर्षी ८ सप्टेंबर हा जागतिक भौतिकोपचार दिन म्हणून पाळला जातो.

भारतात भौतिकोपचाराचे पहिले शिक्षणकेंद्र १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले होते. मुंबईतील पोलिओची साथ ही त्यामागील तातडीची पार्श्वभूमी होती. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित करण्यात आला. आज पुनर्वसनाची गरज भासणाऱ्या रुग्णांत सांध्यांची झीज, पाठीचे विकार, अपघात आणि पक्षाघात यांचे प्रमाण मोठे आहे.

विश्रांती आणि हालचाल

कंबरेत उसण भरल्यावर अंथरुणात पडून राहावे, असा सल्ला दीर्घकाळ दिला जात असे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीचा सल्ला मिळालेल्या रुग्णांची तुलना करण्यात आली. वेदना व कार्यक्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र दोन दिवसांच्या गटातील रुग्णांचे कामाचे कमी दिवस बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधील चाचणीत वेदना सहन होईल तितपत नेहमीची कामे चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणात विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे दिसले. त्यामुळे साध्या कंबरदुखीत शक्य तितके हालते राहण्याचा सल्ला आता सर्वत्र दिला जातो. हा सल्ला अस्थिभंग, संसर्ग किंवा मज्जारज्जूवरील दाब यांना लागू होत नाही. म्हणून तो देण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते.

सल्ला कोणाचा घ्यावा

अस्थिरोगतज्ज्ञ हाडे व सांध्यांच्या विकारांचे निदान करतात आणि आवश्यक तेथे शस्त्रक्रिया करतात. सांध्यांना सूज आणणाऱ्या आमवातासारख्या आजारांसाठी संधिवाततज्ज्ञ असतात. भौतिक वैद्यक व पुनर्वसन ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ हालचालींची तपासणी करून व्यायाम व इतर उपचार ठरवतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ कपडे घालणे, स्वयंपाक, लेखन यांसारख्या क्रिया पुन्हा शिकवतात आणि घर वा कामाची जागा रुग्णाला सोयीची करून देतात. कृत्रिम अवयव व आधारपट्टे बनवणारे तंत्रज्ञही या गटात असतात.

ग्रामीण भागात हाडवैद्यांकडे जाण्याची परंपरा आहे. हाड मोडले असल्याची शक्यता असताना घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे रक्तपुरवठा बंद पडून अवयव कायमचा निकामी होण्याचा धोका असतो. पट्टी बांधल्यावर बोटे निळी किंवा थंड पडणे, बधिरता येणे अथवा वेदना वाढत जाणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत.

तपासणी

पहिल्या भेटीत वेदना कधी व कशी सुरू झाली, कोणत्या हालचालीने वाढते व कशाने कमी होते, रुग्णाचे काम कोणते, पूर्वीचे आजार व चालू औषधे कोणती याची माहिती घेतली जाते. त्यानंतर सांध्याच्या हालचालीचा कोन कोनमापकाने मोजतात. स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत नोंदवतात: ० म्हणजे स्नायूचे आकुंचनच नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल शक्य आणि ५ म्हणजे सामान्य ताकद. चाल, तोल, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रियाही तपासल्या जातात. या नोंदींमुळे काही आठवड्यांनी झालेली सुधारणा मोजता येते.

प्रत्येक वेदनेसाठी क्ष-किरण किंवा एमआरआय तपासणी लागत नाही. घोटा मुरगळल्यावर दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसल्यास, किंवा घोट्याच्या हाडाच्या ठरावीक भागावर दाबल्यास दुखत असल्यास क्ष-किरण तपासणी करावी, असा नियम कॅनडातील ओटावा येथे तयार झाला असून तो व्यापकपणे वापरला जातो. २०१५ मधील एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांतही चकत्यांची झीज दिसून आली. तिचे प्रमाण २० वर्षांच्या वयोगटात ३७ टक्के, तर ८० वर्षांच्या वयोगटात ९६ टक्के होते. त्यामुळे प्रतिमेतील झीज हेच वेदनेचे कारण आहे असे केवळ अहवालावरून ठरवता येत नाही.

उपचारांचे स्वरूप

उपचारात्मक व्यायाम हा पुनर्वसनाचा गाभा आहे. त्यात सांध्याची हालचाल वाढवणारे, स्नायूंची ताकद वाढवणारे, तोल सुधारणारे आणि दमश्वास वाढवणारे व्यायाम येतात. सुरुवात कमी भाराने होते व प्रतिसाद पाहून भार वाढवला जातो. व्यायामानंतर थोडी वेदना होणे हे नेहमीच हानीचे लक्षण नसते. परंतु वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशीही न ओसरल्यास किंवा सूज वाढल्यास व्यायामाची मात्रा कमी करावी लागते.

हाताने केले जाणारे उपचार, शेक, बर्फ आणि विद्युत्-उपचार यांनी वेदना काही काळ कमी होऊ शकते. त्यांचा उपयोग व्यायाम सुकर करण्यासाठी होतो; ते व्यायामाची जागा घेऊ शकत नाहीत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना गरम शेकाने नकळत भाजण्याचा धोका असतो. कंबरेचा किंवा गुडघ्याचा पट्टा ठरावीक काळासाठी उपयुक्त ठरू शकतो.

काही नेहमीचे विकार

गुडघ्यांची झीज: मांडीच्या पुढील स्नायूंची ताकद वाढवणे, चालणे आणि वजन घटवणे हे प्राथमिक उपचार मानले जातात. झीज झालेल्या स्थूल व्यक्तींच्या एका अभ्यासानुसार शरीराचे वजन एक एककाने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार एककांनी कमी होतो.

आखडलेला खांदा: हा विकार मधुमेह असलेल्यांत अधिक आढळतो. तो वेदना, आखडणे आणि सैल होणे या टप्प्यांतून जातो व बरा होण्यास बहुधा एक ते तीन वर्षे लागतात. वेदनेच्या टप्प्यात जोराने ताणल्यास त्रास वाढू शकतो, म्हणून टप्प्यानुसार व्यायाम बदलतात.

कंडरांचे विकार: टाचेमागील कंडरेच्या दीर्घकालीन दुखण्यात क्रमशः भार वाढवणारे व्यायाम साधारण १२ आठवडे केले जातात.

शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन: गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे केले जाते. याउलट, गुडघ्यातील अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर वळणे व उड्या असलेल्या खेळांत परतण्यासाठी निदान नऊ महिने थांबण्याची शिफारस केली जाते. त्याआधी परतणाऱ्या खेळाडूंत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे असल्यास व्यायाम सुरू न करता वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते:

• कंबरदुखीसोबत लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, मांड्यांच्या आतील बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरता येणे. ही शस्त्रक्रियेची तातडी असू शकते.
• हात किंवा पाय यांतील वाढत जाणारा अशक्तपणा.
• ताप, विनाकारण वजन घटणे, रात्री न थांबणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग. पाठदुखीसोबत ताप व वजन घटणे ही मणक्याच्या क्षयरोगाचीही लक्षणे असू शकतात.
• एकच सांधा अचानक लाल, गरम व सुजलेला होणे.
• एका पोटरीला सूज व वेदना, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणात राहिल्यानंतर. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ही खूण असू शकते. अशा पायाला मालिश करू नये.
• चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

शिक्षण व नियमन

महाराष्ट्रात भौतिकोपचाराचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता अशा स्वरूपात प्रचलित राहिला आहे. राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी स्वतंत्र परिषद असून ती व्यावसायिकांची नोंदणी करते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. भौतिकोपचाराचा त्यात समावेश आहे. उपचारकाची पदवी व परिषदेकडील नोंदणी यांविषयी विचारणा करणे रुग्णाच्या हिताचे असते.

अडचणी व मर्यादा

वेदना कमी होताच व्यायाम सोडून देणे हे पुनर्वसन अपुरे राहण्याचे एक प्रमुख कारण आहे. वेदना थांबली तरी स्नायूंची ताकद परत येण्यास अनेक आठवडे लागतात. रोजंदारीवर काम करणाऱ्यांना प्रत्येक भेटीसाठी मजुरी बुडवावी लागते, तर घरकामाचा भार असलेल्या स्त्रियांना व्यायामासाठी वेळ काढणे अवघड जाते. अशा परिस्थितीत मोजके व्यायाम नीट शिकवून ठरावीक अंतराने फेरतपासणी करणे हा व्यवहार्य पर्याय ठरतो. दूरस्थ सल्ल्यामुळे काही भेटी टाळता येतात; मात्र सांध्याची सैलता, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया यांची तपासणी करण्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते.

प्रत्येक विकारात पूर्ववत स्थिती येतेच असे नाही. अशा वेळी काठी, चाकाची खुर्ची, न्हाणीघरातील आधारदांडा किंवा कामाच्या पद्धतीतील बदल यांच्या साहाय्याने स्वावलंबन टिकवणे हेही पुनर्वसनाचेच उद्दिष्ट मानले जाते.