दारातला सूर्य (भाग ७) : फिल्टर कुणाकडून घ्यावा?

पनवेलच्या शेजारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वेल्डिंगची काच मागितली, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘कितवा नंबर?’ साध्या आर्क वेल्डिंगला दहा-अकरा नंबर पुरतो, त्यामुळे तोच सहज मिळतो. सूर्याकडे पाहायचं तर चौदा नंबर हवा, बाराच्या खाली तर मुळीच उतरायचं नाही. अकरा आणि चौदा नंबरच्या काचा शेजारी शेजारी धरल्या, तर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. प्रत्यक्षात अकरा नंबरमधून चौदाच्या सुमारे एकोणीसपट प्रकाश आत येतो. दुकानात उभं राहून हा फरक डोळ्यांना कळत नाही. काचेच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर विसंबावं लागतं, आणि मग तो आकडा कोणी छापला हाच खरा प्रश्न उरतो.

गेल्या आठवड्यात आपण पैसा न खर्चता सूर्य पाहिला. आरशाच्या तुकड्यावर भोक पाडलेला कागद चिकटवून अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर त्याचा कवडसा पाडला. तिथे डोळा सूर्याकडे पाठ करून असतो, म्हणून चुकायला जागाच नाही. आज पहिल्यांदा आपण सूर्याकडे तोंड करणार आहोत, त्यामुळे आजचा भाग खरेदीचा आहे.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याला आपण दृष्टिपटल म्हणतो. त्याला वेदना कळत नाही. बोट भाजलं तर आपण हात मागे घेतो, पण दृष्टिपटलाला इजा होत असताना काहीच जाणवत नाही. नजरेच्या मध्यभागी राखाडी ठिपका आल्याचं लक्षात येतं ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. ही इजा कधी भरून येते, कधी येत नाही, आणि तिच्यावर खात्रीचा उपचार नाही. म्हणूनच ‘मला तर काही त्रास झाला नाही’ या विक्रेत्याच्या बोलण्याला अर्थ नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, वेफर्सच्या पुड्याचा चंदेरी कागद या सगळ्यांची अडचण सारखीच आहे. दिसणारा प्रकाश त्या किती अडवतात याचाच भरवसा नाही. शिवाय रंगद्रव्याने काळी केलेली फिल्म दृश्य प्रकाश अडवूनही अवरक्त किरण बिनदिक्कत आत सोडू शकते. मग डोळ्याला गडद, आरामाचं दिसतं, बाहुली मोठी होते आणि आत उष्णता शिरत राहते.

थेट सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२३१२-२. त्यानुसार चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत यायला हवा, म्हणजे लाखात फार तर तीन भाग. अतिनील आणि अवरक्त किरणांनाही मर्यादा ठरवलेल्या आहेत. हे मानक चांगलं आहे, पण त्याचा क्रमांक पुठ्ठ्यावर कोणीही छापू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेत खग्रास ग्रहण होतं तेव्हा नेमकं हेच घडलं. बाजारात इतके संशयास्पद चष्मे आले, की ॲमेझॉनने कित्येक ग्राहकांना पैसे परत करून ‘हे वापरू नका’ असं कळवलं. ज्या विक्रेत्यांचा माल कोणाकडून आला हे सिद्ध झालं नव्हतं, त्यांच्यात काही प्रामाणिकही असतील, पण ग्राहकाला ते ओळखण्याचा मार्ग नव्हता. याच काळात अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने खात्रीच्या उत्पादकांची आणि विक्रेत्यांची यादीच तयार केली. २०२४ च्या ग्रहणाआधी त्या यादीतल्या नावाजलेल्या उत्पादकांच्या चष्म्यांच्या नकला निघाल्या. म्हणजे आता नुसतं उत्पादकाचं नाव वाचूनही भागत नाही. माल त्याच्याकडून तुमच्यापर्यंत कोणत्या हातांनी आला, हे विचारावं लागतं.

घरी आणलेला चष्मा तपासायची रीत सोपी आहे. घरात तो डोळ्यांवर लावा. दिसणारी खोली पूर्ण नाहीशी व्हायला हवी. खिडकी नाही, ट्यूबलाइट नाही, काही नाही. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर मंद ठिपका दिसला तरी चालेल. फर्निचरच्या कडा दिसल्या, तर चष्मा कात्रीने कापून टाका, म्हणजे घरातलं लहान मूल तो पुन्हा उचलणार नाही. मग फिल्म दिव्यासमोर धरून ओरखडे आणि बारीक भोकं बघा. या परीक्षेत नापास झालेला चष्मा नक्कीच वाईट. पण पास झालेला नक्की चांगला असं मात्र नाही, कारण अवरक्त किरण तुमच्या डोळ्याला दिसतच नाहीत. त्या उरलेल्या शंकेचं उत्तर फक्त खात्रीचा विक्रेता देऊ शकतो.

माझं ठाम मत आहे, की ग्रहणाच्या तोंडावर ही खरेदी करूच नये. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान पनवेलवरून सूर्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग झाकलेला दिसायचा होता. अशा वेळी मागणी एकाच आठवड्यात उसळते, चांगला माल संपतो आणि उरतो तो स्टेशनबाहेरचा निनावी चष्मा. २१ जून २०२० चं ग्रहण पावसाळ्यात आणि करोनाच्या काळात आलं. २५ ऑक्टोबर २०२२ चं दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. पुढचं २ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावास्येला. इजिप्तमध्ये लुक्सॉरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पनवेलचं आभाळ कसं असतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. केवळ त्या दिवसासाठी पैसे घालवणार असाल, तर थांबा.

सूर्य मात्र रोज आहे. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह सूर्यावर आला होता, पृथ्वीच्या सुमारे पंधरापट रुंद. साध्या ग्रहण-चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय, तो ठिपक्यासारखा दिसत होता. त्याच समूहातल्या स्फोटांमुळे लडाखमधल्या हान्ले इथे आकाश लाल झालं. पनवेलला तेव्हा कडक ऊन होतं. २०१९ चा चष्मा ज्यांनी नीट जपून ठेवला होता, त्यांना गच्चीवर जाऊन हा समूह पाहता आला असता. सध्याच्या सौरचक्राने २०२४ मध्ये कमाल गाठली असली, तरी डाग एकदम नाहीसे होत नाहीत. नवरात्र ते मे हे आठ महिने आपलं आकाश मोकळं असतं. खरेदीचा हिशोब त्या आठ महिन्यांचा धरा.

आता विक्रेता. दुर्बिणी विकणारी सगळी दुकानं सारखी नसतात. खेळणी, कॅमेरे आणि दुर्बिणी एकाच काउंटरवर विकणाऱ्याला फिल्टरची प्रकाशघनता, म्हणजे तो प्रकाश किती अडवतो याचा आकडा, विचारली तर तो खोका उलटून पाहील. हौशी खगोलप्रेमींना वर्षानुवर्षं माल पुरवणारा विक्रेता उलट तुम्हालाच विचारेल, ‘दुर्बीण कोणती? भिंगाचा व्यास किती? डोळ्याने पाहणार की फोटो काढणार?’ हे तीन प्रश्न जो विचारत नाही, त्याच्याकडून सौर फिल्टर घेऊ नये. असा विक्रेता शोधायला जाहिरातींपेक्षा माणसं उपयोगी पडतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईचं खगोल मंडळ, कल्याणचं आकाश मित्र मंडळ, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, वरळीचं नेहरू तारांगण ही सगळी पनवेलहून एका दिवसात जाऊन परतण्याजोगी ठिकाणं आहेत. चुनाभट्टी तर आपल्या हार्बर मार्गावरच आहे. अशा ठिकाणच्या कार्यक्रमांना येणाऱ्या अनुभवी निरीक्षकांना विचारा, ‘तुमचा फिल्टर कुणाकडून आणला आणि किती वर्षं वापरताय?’ ते आनंदाने सांगतात. ज्याने पाच वर्षं त्याच फिल्टरमधून सूर्य पाहिला आहे, त्याच्या शब्दाला मी कोणत्याही छापील प्रमाणपत्रापेक्षा जास्त मानतो.

वस्तू कुणाकडून घ्यावी याची ही काळजी आपल्या भूमीत नवी नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली, तेव्हा मोठी दुर्बीण त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून बनवून घेतली. ग्रब म्हणजे त्या काळातले नामांकित दुर्बीणकार. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा चमूही तिथेच होता, आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली, पण तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि पुढेही कामाला आली.

तुमच्याकडे छोटी दुर्बीण असेल तर सगळ्यात आधी तिच्या खोक्यात शोधा. जुन्या साठ मिलिमीटरच्या दुर्बिणींबरोबर कधी कधी डोळ्याकडच्या भिंगात, म्हणजे नेत्रिकेत बसवायची एक गडद हिरवी काच मिळे, ‘सन’ असं लिहिलेली. ती फेकून द्या. कोणाला देऊही नका. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या चिमुकल्या काचेवर एकवटते, काच तडकते, आणि त्या क्षणी डोळा मागेच असतो. सौर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, भिंगाच्या पुढेच बसला पाहिजे. द्विनेत्री असेल तर दोन्ही भिंगांवर. ग्रहण-चष्मा घालून दुर्बिणीतून पाहणं हीही तितकीच भयंकर चूक आहे.

तोंडावरच्या फिल्टरसाठी हौशी निरीक्षकांची पसंती बहुधा जर्मनीच्या बाडर कंपनीच्या ॲस्ट्रोसोलर फिल्मला असते. तिचे दोन प्रकार आहेत. डोळ्याने पाहायला प्रकाशघनता ५, म्हणजे लाखातला एक भाग आत. फोटोसाठी ३.८, म्हणजे त्याच्या सोळापट उजेड. ही दुसरी फिल्म डोळ्यासाठी नाही, आणि ऑर्डर देताना गोंधळ होतो तो इथेच. पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा. थाउजंड ओक्सची काळी फिल्म सूर्य नारिंगी दाखवते, बाडरची जवळजवळ पांढरा. मला पांढरा आवडतो, कारण डागांभोवतीची फिकट कड त्यात स्वच्छ दिसते. बाडरची फिल्म काही हजारांना मिळते, म्हणून महाग वाटते. पण वीस बाय एकोणतीस सेंटिमीटरच्या एका तावातून नऊ सेंटिमीटर व्यासाच्या सहा चकत्या निघतात. साठ-सत्तर मिलिमीटरच्या सहा दुर्बिणींचं काम होतं. शाळेने किंवा सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक ताव घ्यावा.

फिल्म पुठ्ठ्याच्या कड्यात सैलच बसवायची. सुरकुत्या राहिल्या तर काही बिघडत नाही, ताणली तर प्रतिमा बिघडते. कडं नळीवर घट्ट बसलं पाहिजे आणि वर चिकटपट्टी हवी, कारण दुपारी खाडीवरून वारा सुटला की सैल टोपण उडून जातं. नेम धरायच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण घाला किंवा ती काढून ठेवा. आपण तिला विसरतो, मुलं तिच्यातूनच आधी डोकावतात.

हायड्रोजन-अल्फा दुर्बिणींबद्दल बरेचजण विचारतात. लुंट किंवा कोरोनाडोची छोटी दुर्बीणही कर धरून लाखाच्या घरात जाते. ती ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा आत घेते आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला दाखवते. आधी एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात तिच्यातून पाहा, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, मग ठरवा. सीस्टारसारख्या स्वयंचलित दुर्बिणीबरोबर सौर फिल्टर येतो, पण तिथे चित्र मोबाइलवर दिसतं. शाळेसाठी ते सुरक्षित आणि सोयीचं आहे.

पावसाळ्यात फिल्टर कपाटात नुसते ठेवू नका. इथल्या दमटपणात पुठ्ठा वाकतो आणि फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा थर डागाळतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि घटस्थापनेच्या सुमारास बाहेर काढून दिव्यासमोर पुन्हा तपासा. नीट सांभाळलेला फिल्टर १३ नोव्हेंबर २०३२ च्या दुपारीही कामाला येईल. त्या दिवशी बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार आहे, आणि नोव्हेंबरमध्ये पाऊस आडवा येण्याची भीती नाही. बुध इतका लहान दिसेल, की नुसत्या चष्म्यातून कळणार नाही. त्यासाठी दुर्बिणीवरचाच फिल्टर लागेल.

पुढच्या आठवड्यात डागांचं चित्र काढायला बसू. पंधरा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखलेला कागद आणि पेन्सिल तयार ठेवा.