प्रियामची रात्र, आठ चौकटींत

ट्रॉयच्या युद्धाची चित्रकथा करायची म्हटले की प्रत्येकाला लाकडी घोडाच काढायचा असतो. पण होमरच्या 'इलियड'मध्ये घोड्याचा प्रसंग नाहीच. तो 'ओडिसी'त सांगितला जातो. 'इलियड' संपते हेक्टरच्या अंत्यविधीने. आमच्या हाऊसच्या भित्तिपत्रकासाठी मी तोच चोविसावा, शेवटचा सर्ग निवडला. त्यात लढाई नाही. एक म्हातारा बाप रात्री शत्रूच्या छावणीत जातो, एवढेच.

हेक्टरने अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याला मारले होते. अकिलीसने हेक्टरला मारून सूड घेतला, तरी राग शमला नाही. प्रेत रथामागे बांधून तो मित्राच्या समाधीभोवती फरफटवत राहिला. शेवटी देवांनाही ते पाहवेना. मग हेक्टरचा बाप, राजा प्रियाम, खेचरांच्या गाडीत सोने आणि उंची वस्त्रे भरून निघतो. सोबत एकच म्हातारा सेवक. हर्मीस देव तरुण सैनिकाच्या वेशात वाट दाखवतो आणि पहारेकऱ्यांना झोपवतो. एवढ्या मजकुराला मी दोनच चौकटी दिल्या.

तिसरी चौकट दाराची. अकिलीसचा निवास म्हणजे कापडी तंबू नव्हे. तो लाकडी तुळयांचा, वर गवताने शाकारलेला. दाराचा अडसर लावायला तीन माणसे लागत. अकिलीस एकटा लावी. तो अडसर मोठा काढला की अकिलीसची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

चौथ्या चौकटीत शब्दच नाहीत. प्रियाम गुडघे टेकून अकिलीसचे हात चुंबतो, ज्या हातांनी त्याची मुले मारली तेच हात. मी फक्त चार हात काढले. पुढे प्रियामचे लांब भाषण आहे, पण फुग्यात वीसेक शब्दांपलीकडे मावत नाही. म्हणून एकच मुद्दा ठेवला : तुझा बापही माझ्याच वयाचा आहे, त्याला आठव. मग दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बाप आणि मित्र यांच्यासाठी.

एका ज्युनियरने विचारले, राजाने शत्रूपुढे गुडघे टेकले म्हणजे शरणागती नाही का? मला तसे वाटत नाही. प्रियामने ना शहर दिले, ना वेशीच्या किल्ल्या. त्याने मागितले ते मुलाचे प्रेत. तेही निःशस्त्र, जिवावर उदार होऊन.

हा प्रसंग एका चित्रात बसवणारे आपण पहिले नव्हे. व्हिएन्नाच्या संग्रहालयात इ. स. पूर्व 490 च्या सुमाराचे एक ग्रीक मद्यपात्र आहे. त्यावर अकिलीस मंचकावर रेलून जेवतो आहे, प्रियाम समोर आला आहे आणि हेक्टरचे प्रेत मंचकाखालीच पडले आहे. होमरमध्ये असे नाही. तिथे अकिलीस दासींना प्रेत दुसरीकडे नेऊन धुवायला सांगतो. कारण मुलाला पाहून म्हाताऱ्याचा संताप उसळला, तर आपला तोल जाईल आणि आपल्या हातून त्याचाही जीव जाईल, ही त्याला भीती. चित्रकाराकडे एकच चौकट होती, त्याने सगळे एकत्र आणले. माझ्याकडे आठ होत्या, म्हणून सहाव्या चौकटीत मी मधली भिंत दाखवली : अलीकडे बाप, पलीकडे मुलगा. प्रियामने आणलेल्या वस्त्रांतून दोन झगे आणि एक अंगरखा प्रेत गुंडाळायला बाजूला ठेवले होते, तेही तिथेच दिसतात. सातव्या चौकटीत दोघे एकत्र जेवतात.

शेवटी अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? तितके दिवस तो आपले सैन्य थांबवणार असतो. आठव्या चौकटीत बारा छोटे चौकोन आहेत. नऊ शोकाचे, दहावा दहनाचा, अकरावा समाधी रचण्याचा. बाराव्यात दोन्हीकडचे भाले पुन्हा उभे आहेत.