हिग्जला भावंडं आहेत का?

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली आणि मूलकणांच्या यादीतली शेवटची रिकामी जागा भरली. वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण १३३ पट. यादी पूर्ण झाली, पण सिद्धांतवाले काही स्वस्थ बसले नाहीत.

त्यांची शंका रास्त आहे. क्वार्कच्या पिढ्या तीन, लेप्टॉनच्याही तीन. जिथे इलेक्ट्रॉनवर भागलं असतं, तिथे म्युऑन आणि टाऊही आहेत. मग स्पिन शून्य असलेला, म्हणजे अदिश, मूलकण तेवढा एकुलता एक कसा? स्टँडर्ड मॉडेल या मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धांतात तो एकच धरला, कारण एकात काम होत होतं. दुसरा नसावा, असा नियम त्यात कुठेही नाही.

हिग्ज बोसॉन म्हणजे हिग्ज क्षेत्राचा कण; त्सुंग-दाओ ली यांनी १९७३ मध्येच असं दुसरं क्षेत्र मांडून पाहिलं. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात जो बारीकसा फरक दिसतो, तो येतो कुठून, हे त्यांना शोधायचं होतं. यातला हिशेब सोपा आहे. हिग्जच्या एका क्षेत्राचे घटक चार. त्यातले तीन दोन्ही डब्ल्यू आणि झेड या कणांना वस्तुमान देण्यात खर्ची पडतात. उरतो तो हिग्ज बोसॉन. क्षेत्रं दोन घेतली की घटक आठ होतात, खर्च मात्र तोच, तीन. हातात राहतात पाच कण: तीन विद्युतभार नसलेले, एक धनभारित, एक ऋणभारित. या भारित जोडीवर प्रयोगवाल्यांचा विशेष डोळा असतो. स्टँडर्ड मॉडेलमध्ये भारित अदिश कणच नाही; एक जरी सापडला, तरी वाद मिटला.

दुसरं क्षेत्र फुकट मात्र येत नाही. ते बेलगाम सोडलं, तर क्वार्क आपला भार तोच ठेवून सर्रास जात बदलू लागतील, आणि प्रत्यक्षात असं फार क्वचित घडतं. यावरची तोड शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये सांगितली: एका भाराचे सगळे क्वार्क एकाच क्षेत्राशी जोडायचे.

पुढच्याच वर्षी नीलेंद्र देशपांडे आणि अर्नेस्ट मा यांनी एक वेगळीच शक्यता मांडली. दुसरं क्षेत्र क्वार्क-लेप्टॉनशी जोडायचंच नाही! मग त्यातला सर्वांत हलका कण क्षय पावू शकत नाही. तो भाररहित असेल, तर कृष्णद्रव्याचा उमेदवार म्हणून आपसूकच उभा राहतो. इतकी काटकसरीची कल्पना या विषयात विरळाच.

प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या सुपरसिमेट्रीत तर दोन क्षेत्रं सक्तीचीच. त्या सिद्धांतावर पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांनी मॅन्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह २००४ मध्ये पाठ्यग्रंथ लिहिला.

प्रयोगांनी मात्र आजवर हुलकावणीच दिली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नमधल्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांच्या आलेखांत ७५० जीईव्हीपाशी दोन फोटॉनांचा उंचवटा दिसला. त्याचा अर्थ लावणाऱ्या निबंधांचा अक्षरशः पूर आला; शेकड्यांनी निबंध! ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्तीची आकडेवारी आली आणि उंचवटा सपाट झाला. तेव्हापासून अशा बातमीला लोक जपून हात लावतात. २०२३ मध्ये सीएमएसने ९५ जीईव्हीजवळ लहानसा उंचवटा दाखवला, २.९ सिग्माचा (सिग्मा म्हणजे निकालाच्या खात्रीचं माप). शोध म्हणायला ५ लागतात.

थेट सापडत नसेल, तर आडवाटेनं माग काढता येतो. हिग्जचं हिग्जशीच नातं किती घट्ट आहे, हे मोजायचं. त्यासाठी एकाच टकरीत दोन हिग्ज जन्मावे लागतात, आणि ते एका हिग्जपेक्षा हजारपटीहून दुर्मीळ. या मापाला वजन आहे. १२५ जीईव्हीचा हिग्ज एकटाच असेल, तर बाल्यावस्थेतल्या विश्वात हिग्ज क्षेत्राचा पालट अलगद झाला असणार, आणि अशा संथ पालटातून प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्याचं पारडं जड होऊ शकत नाही. जोडीला आणखी अदिश कण असतील, तर पाणी उकळताना बुडबुडे उठावेत तसा तो पालट उसळून झाला असू शकतो. तसं असल्यास जोडीने जन्मणाऱ्या हिग्जच्या संख्येतही बहुधा फरक पडलेला दिसेल. सर्नच्या ज्या बोगद्यातल्या टकरींत हिग्ज सापडला, तिथेच टकरींचं प्रमाण अनेक पटींनी वाढवण्याचं काम सुरू आहे, ते बऱ्याच अंशी या मोजणीसाठीच.